माळरानावरची अश्वगंधा: जत, आटपाडी, माण, खटावसाठी औषधी पिकाचा कायदेशीर धंदा

औषधी पिकाचा धंदा करायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो तो औषधी गांजाचा. परदेशातले व्हिडिओ फिरत असतात, कुणीतरी बियाणं आणि 'बायबॅक', म्हणजे माल परत विकत घेण्याची हमी, देतो म्हणून सांगत असतो. म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) कलम 8 नुसार गांजाच्या झाडाची लागवड बंद आहे. परवानगी देण्याचा अधिकार कलम 10 खाली राज्य सरकारला आहे, आणि धागा किंवा बी यांसारख्या औद्योगिक कामासाठी कलम 14 खाली सरकार आदेश काढून मुभा देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये असे परवाने द्यायला सुरुवात केली, तेही नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या भांगेच्या जातींसाठी. सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्याने सरकारी परवाना हातात नसताना एक रोप जरी लावलं, तरी कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीचं करारपत्र म्हणजे परवाना नव्हे. 'आमच्याकडे परवाना आहे, तुम्ही फक्त रान द्या' असं कुणी म्हणालं तर परवान्यावर तुमच्या गटाचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर विषय तिथेच संपवा.

रान खंडाने किंवा वाट्याने दिलेलं असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या जमिनीत कुणी गांजा लावल्याचं दिसलं तर ताबडतोब कळवणं कलम 46 प्रमाणे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असून गप्प बसलात तर तोही गुन्हा आहे. उसाच्या फडात कुणी चार झाडं लावली आणि आपण कानाडोळा केला, असं चालत नाही.

परवान्याची अट नसलेलं, कोरडवाहू हलक्या रानात येणारं आणि औषध कारखान्यांत बारमाही खपणारं पीक म्हणजे अश्वगंधा. आपल्याकडे हिला आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणतात, बांधावर ती रानटी उगवलेलीही दिसते. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

आधी गिऱ्हाईक, मग बियाणं

हळदीचं आणि हिचं गणित वेगळं आहे. हळद पिकवली की सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा निघतो. भाव कमी-जास्त होईल, पण माल घरी परत न्यावा लागत नाही. अश्वगंधेचा मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौरला आहे. इथे पिकवून तिकडे एक-दोन क्विंटल पाठवायचं म्हटलं तर भाडंच नफा खाऊन टाकतं. म्हणून एकट्याने एक एकर करण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून दहा एकर करा. एकरी दोन क्विंटल वाळलेलं मूळ धरलं तर वीस क्विंटल होतं, आणि दोन टनांसाठी कारखान्याचा खरेदी अधिकारी फोन उचलतो. गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्याच नावावर व्यवहार करा.

पेरणीच्या तीन-चार महिने आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्येच, दोन-तीन खरेदीदारांशी बोलून घ्या. भाव विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना माल कसा लागतो ते लेखी घ्या: ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालतो, प्रतवारी कोणती, विथेनोलाइड या औषधी घटकाचं किमान प्रमाण किती, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या खर्चाने, पैसे किती दिवसांत. माल नाकारला तर परतीचं भाडं कुणी भरायचं, हेही त्यात असू द्या. बहुतेक करारपत्रांत हे कलम नसतं आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

जो माणूस बियाणं महागात विकतो आणि तोंडी खरेदीची हमी देतो, त्याचा धंदा बियाण्याचा असतो, मुळांचा नव्हे. कोरफड आणि सफेद मुसळीच्या वेळी महाराष्ट्रात कितीतरी शेतकरी यात पोळले आहेत.

कागदपत्रांत दोन गोष्टी चुकवू नका. पहिली, ई-पीक पाहणीत अश्वगंधेची नोंद करून ती सातबाऱ्यावर आणा. दुसरी, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून माल लागवडीचा असल्याचा उगम प्रमाणपत्राचा (सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) कागद घ्या. 2023 च्या दुरुस्तीनंतर जैवविविधता कायद्यात लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटणीतून, म्हणजे वनस्पतीच्या वापरातून झालेल्या फायद्याचा वाटा देण्याच्या अटीतून, सूट आहे, पण ती या कागदावर मिळते. माल जंगलातून आणलेला नाही हे खरेदीदाराला दाखवावं लागतं, म्हणून तो हा कागद मागतो. समिती बऱ्याच गावांत नावापुरतीच असते, तेव्हा ग्रामसेवकाकडे काढणीच्या बरंच आधी अर्ज द्या.

मुळं वाळवून तशीच विकायला औषध परवाना लागत नाही. चूर्ण करून औषध म्हणून पाकिटात विकायचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

रान कोणतं

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, माण, खटाव इथलं मुरमाड, तांबूस, हलकं ते मध्यम रान या पिकाला आवडतं. पाऊस 500 ते 750 मिलिमीटर पुरतो आणि सामू 7.5 ते 8 चालतो. पाणी मात्र साचता कामा नये. वाळवा, पलूस, मिरजेकडची कृष्णाकाठची काळी रानं, त्यातही चोपण-चिबड झालेली, यासाठी घेऊ नका. भारी काळ्या रानात मूळ सरळ खाली जात नाही, फाटे फुटतात, उपटताना अर्धं जमिनीत राहतं, आणि जे निघतं त्याला चिकटलेली माती धुता धुता जीव जातो.

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्या पाठीवर अश्वगंधा करू नका. सगळी एकाच कुळातली आहेत. सूत्रकृमी आणि मर दोन्ही जमिनीत तयारच असतात. बाजरी, मटकी, हुलगा यांचं बेवड चांगलं.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबाग काढून टाकलेलं रान पुष्कळ आहे. तिथे वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) पडलेलं असतं, त्यातलं तांबं मातीत साठून राहतं. अशा रानाची माती आधी तपासा. चालू बागेच्या किंवा डाळिंबाच्या शेजारी पीक घ्यायचं असेल तर पंधरा-वीस फुटांची पट्टी मोकळी सोडा किंवा कडेने मका, तूर दाट लावा. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा अंश तुमच्या मालात सापडला, तरी नाकारला जातो तो तुमचाच माल.

आणखी एक विचार पेरायच्या आधी करायचा आहे. हे पीक ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत रान अडवतं, म्हणजे शाळू जातो आणि शाळूबरोबर कडबाही जातो. अश्वगंधेचा जनावराला काही उपयोग नाही. गोठ्यात चार जनावरं असतील तर सगळं रान हिच्याखाली घालू नका. निम्मं शाळूला ठेवा. उन्हाळ्यात विकतचा कडबा घ्यावा लागला तर मुळांचा नफा तिथेच जिरतो.

जात आणि बियाणं

जवाहर असगंध-20 आणि जवाहर असगंध-134 या मध्य प्रदेशातल्या जुन्या, पारखलेल्या जाती आहेत. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय औषधी वनस्पती संशोधन संस्थेने पोषिता, सिम-पुष्टी, एनएमआयटीएलआय-118 अशा जाती दिल्या आहेत. कोणती घ्यायची हे खरेदीदाराला विचारूनच ठरवा. कुणाला जाड, पिठूळ, पांढरं मूळ लागतं, तर अर्क काढणाऱ्याला विथेनोलाइड जास्त लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचं काम चालतं आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे. बियाण्याची चौकशी या दोन ठिकाणी आधी करा.

बांधावरच्या ढोरगुंजेचं बी फुकट मिळतं म्हणून पेरू नका. तिचं मूळ लाकडासारखं निघतं, मोडलं तर आत तंतू दिसतात. पिठूळ मूळ घेणारा व्यापारी ते हातात घेऊन परत ठेवतो.

बी गेल्या हंगामातलंच हवं. वर्षापेक्षा जुन्या बियाण्याची उगवण झपाट्याने घटते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून दहा दिवस ठेवा. साठापेक्षा कमी मोड आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, चाळीसच्या खाली आले तर परत करा. पेरणीआधी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा. रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात, ते यामुळे बरंच आटोक्यात राहतं.

पेरणी

मे महिन्यात एक खोल नांगरट, पावसाआधी दोन कुळवण्या. एकरी चार टन पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धं कच्चं खत घातलं तर हुमणी येते, आणि हुमणी खाते ती मूळच, म्हणजे तुमचा मालच. रासायनिक खत द्यायचंच असेल तर एकरी 13 किलो युरिया आणि 37 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळी, एवढंच. पुढे पीक पिवळट दिसलं म्हणून युरिया फेकायचा मोह होतो. तो आवरा. पाला माजतो, मूळ दोऱ्यासारखं राहतं.

पेरणी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर, वाफसा आल्यावर. जत-माणकडे जोराचा पाऊस परतीचा, सप्टेंबरात येतो. त्या वेळी रोप चार-सहा पानांवर असलं पाहिजे. बी नुकतंच टाकलंय आणि वरून धो धो पाऊस पडला, तर एकतर बी वाहून जातं किंवा वर पापुद्रा धरून कोंब आतच दबतो.

बी फार बारीक असतं. हजार दाण्यांचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोत पाच लाख दाणे. फेकून पेरलं तर एकरी 4 ते 5 किलो लागतं, ओळीत 3 किलो पुरतं. ओळीतच पेरा, नाहीतर भांगलणीला दुप्पट बाया लागतात. बियाच्या पाचपट चाळलेली वाळू मिसळा आणि पाभरीने एक फुटावर ओळी धरा. बी एक ते दीड सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. पाभरीचे फण नेहमीच्या खोलीवर ठेवून पेरलं आणि उगवलंच नाही, ही नव्या माणसाची ठरलेली चूक. फण फक्त रेघ ओढण्यापुरते टेकवा, बी हाताने सोडा आणि मागून बोराटीची फांदी हलकी ओढा.

उगवण आठ-दहा दिवसांत होते. पंचवीस-तीस दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत 10 सेंटिमीटर ठेवा. हिशोबाने एकरात सुमारे 1 लाख 35 हजार रोपं बसतात. खाडे धरून एक लाख जरी टिकली आणि प्रत्येकाचं मूळ वाळून दोन ग्रॅम भरलं, तरी दोनशे किलो होतात. विरळणीचा कंटाळा केला तर झाडं दुप्पट आणि मुळं काडीसारखी मिळतात. काडीला भाव नाही.

पहिली भांगलण विरळणीबरोबरच, दुसरी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी. मधे एक कोळपं फिरवलं तर ओल टिकते. दुसऱ्या भांगलणीनंतर पीक जमीन झाकतं आणि तण आपोआप दबतं.

पाणी: इथेच सगळ्यात जास्त बिघडतं

टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आता पूर्वी कोरड्या असलेल्या रानांत आलं आहे. पाणी आहे म्हणून द्यायचं, ही उसाची सवय अश्वगंधेला मारते. तीन आठवडे ओढ बसली आणि दुपारी पानं माना टाकून संध्याकाळी परत उभी राहात नसतील, तर एक हलकं पाणी द्या. संध्याकाळी पानं ताठ होत असतील तर झाड पाण्यामागे मूळ खोल घालतंय, त्याला घालू द्या. वरचेवर पाणी मिळालं तर मूळ वरच पसरतं, फाटे फुटतात आणि मर लागते. मर लागलेलं झाड सहज उपटून येतं, मूळ तपकिरी होऊन साल सुटते. अशी झाडं लगेच काढून रानाबाहेर जाळा आणि पाणी तोडा. औषध ओतून फायदा होत नाही.

किडींत ठिपक्यांचा भुंगेरा मुख्य. लालसर पाठीवर काळे ठिपके असतात, त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खरवडून खातात आणि पानाची जाळी उरते. सुरुवातीला सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करायची आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची. दुकानातलं कीटकनाशक मारू नका. कारखाना अंश तपासतो, आणि वांग्यासारखं इथे माल तोडून दुसऱ्या बाजारात नेता येत नाही.

मुळावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे. या हंगामात इलाज नाही. पुढच्या वर्षी तिथे झेंडू घ्या.

काढणी

पेरणीपासून 150 ते 170 दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागतात, कागदी आवरणातली फळं शेंदरी-लाल होतात. सगळं रान एकदम उपटण्याआधी वाकडंतिकडं चालत पाच ठिकाणी एकेक चौरस मीटरमधली झाडं उपटून बघा. मूळ करंगळीएवढं जाड, मोडल्यावर आत पांढरं आणि पिठूळ असेल तर काढा. आत तंतू दिसायला लागले असतील तर उशीर झालाय. मार्चच्या पुढे थांबू नका. मूळ निबर होतं, आणि अवकाळीचं सावट असतं ते वेगळंच.

आधी पिकलेली फळं तोडून घ्या, पुढच्या वर्षाचं बी त्यातूनच मिळतं. एकरी वीस ते तीस किलो निघतं. लाल फळं लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा. काढणीच्या तीन-चार दिवस आधी एक हलकं पाणी द्या म्हणजे मूळ अखंड येतं. कडक रानात उपटलं तर खालचा, सगळ्यात चांगला भाग तुटून आत राहतो. मोठ्या क्षेत्रात ट्रॅक्टरने हलकी नांगरट करून मागून वेचतात, तेही चालतं.

मजुरी अंदाजाने धरू नका. पहिल्या दिवशी एक गुंठा काढायला किती माणसं, किती तास लागले ते मोजा आणि चाळीसने गुणा.

वाळवणी आणि प्रतवारी

भाव ठरतो तो खळ्यावर. खोड मुळाच्या डोक्यापासून एक-दोन सेंटिमीटरवर कापा आणि मुळं वाहत्या पाण्यात झटपट धुवा. भिजत ठेवू नका. आयुर्वेदिक फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचं सरकारी पुस्तक, त्याप्रमाणे परकीय पदार्थ 2 टक्क्यांच्या आत, एकूण राख 7 टक्क्यांच्या आत आणि आम्लात न विरघळणारी राख 1 टक्क्याच्या आत लागते. ही शेवटची राख म्हणजे बहुतांश वाळू-माती. सालीच्या सुरकुत्यांत बसलेली चिमूटभर माती माल नापास करते, म्हणून धुताना डोक्याकडचा भाग ब्रशने घासा.

मग 7 ते 10 सेंटिमीटरचे तुकडे करून ताडपत्रीवर एकेरी थरात पसरा. शेणाने सारवलेल्या खळ्यावर किंवा डांबरी रस्त्यावर नको, जंतूंच्या तपासणीत आणि वासात दोन्हीकडे मार खाल. पहिले दोन दिवस ऊन, नंतर पातळ सावलीत. रोज दोनदा परतवा, सूर्य मावळायच्या आत झाका. तीन किलो ओल्या मुळाचं साधारण एक किलो सुकं मूळ होतं. वाळलंय की नाही ते ओळखायला मधलं जाड मूळ दोन्ही हातांनी वाकवा. काडकन तुटलं आणि तुटलेल्या जागी पांढरी भुकटी बोटाला लागली की झालं. वाकून मग फाटलं तर अजून ओलं आहे. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. तेरा-चौदावर पोती शिवली तर महिनाभरात आतून बुरशी धरते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

सुकल्यावर गोणपाटावर लाकडी दांडक्याने हलकं बडवा, बारीक तंतुमुळं आणि उरलेली माती झडते. मग चार ढीग करा. पहिला ढीग सात सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, भरीव, आतून स्वच्छ पांढऱ्या तुकड्यांचा. दुसरा पाच सेंटिमीटरपर्यंत आणि एक सेंटिमीटर जाड. तिसरा तीन-चार सेंटिमीटरचा, त्याहून बारीक. चौथ्यात पोकळ, पिवळट, तुटकी. चारही एकत्र केली तर व्यापारी सगळ्याला चौथ्याचाच भाव लावतो.

पाला फेकून द्या किंवा कंपोस्ट करा. मुळांत तो मिसळू नका आणि वेगळा विकायचाही विचार करू नका. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने कारखान्यांना अश्वगंधेची पानं न वापरण्याची सूचना दिली आहे, आणि मुळांच्या पोत्यात पानांचा चुरा सापडला तर भेसळ म्हणून सगळं परत येतं. निर्यातीच्या गोष्टी करणारा कुणी भेटला तर देश कोणता ते विचारा. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली आहे.

माल आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यांत भरा आणि जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून सुटा ठेवा. खत किंवा कीटकनाशक ठेवलेल्या खोलीत कधीही नको. प्रत्येक पोत्यावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, काढणीची तारीख आणि प्रत लिहा. प्रत्येक ढिगातला पाव किलो नमुना दोन पिशव्यांत सीलबंद करा, दोन्हींवर खरेदीदाराच्या माणसाची सही घ्या, एक त्याला द्या आणि एक पैसे जमा होईपर्यंत स्वतःकडे ठेवा. कारखान्यातून 'ओलावा जास्त भरला' असा फोन आला की तीच पिशवी दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची असते.